आधी प्रवास, मग समीकरण : वेग-अंतराची शाब्दिक उदाहरणे मुलांना घरी कशी शिकवावीत

नववी-दहावीच्या बीजगणितात वेग, वेळ आणि अंतर यांवरची शाब्दिक उदाहरणे आली की एरवी समीकरणे बिनचूक सोडवणारी मुलेही अडतात. ‘३६क्ष = १२क्ष + ३’ एवढे लिहून दिले तर उत्तर अर्ध्या मिनिटात येते; तेच समीकरण चार ओळींच्या मजकुरातून काढायला सांगितले की पेन थांबतो. अडचण बहुधा बीजगणिताची नसते. मजकुरातला प्रवास डोळ्यांसमोर उभा करणे आणि त्या प्रवासात नेमके काय समान आहे हे ओळखणे, इथे मुले अडलेली असतात.

हा लेख आई-वडील, मोठी भावंडे, काका-मामा आणि गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना घेऊन बसणारे तरुण यांच्यासाठी आहे. गणित सोडून बरीच वर्षे झाली असली तरी हरकत नाही. अपूर्णांक आणि साधी समीकरणे आठवत असली की काम भागते. पाठ्यपुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय ही अक्षरे असतात, त्यांच्या जागी येथे क्ष आणि य लिहिले आहे.

सगळा भर एका प्रश्नावर आहे : या प्रवासात काय समान आहे? एकच राशी दोन वेगळ्या प्रकारे लिहायची आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह ठेवायचे, यालाच समीकरण म्हणतात. म्हणून ती राशी कोणती, हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत त्याला क्ष लिहू देऊ नये.

पहिली पायरी : पुस्तक न उघडता

पहिल्या दिवशी सूत्र पाठ आहे का हे विचारू नये, कारण ते बहुतेकांना पाठ असते आणि त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी तोंडी प्रश्न विचारावेत. एसटी ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली तर अडीच तासांत किती अंतर जाईल? पाऊण तासात किती? ताशी १२ किलोमीटर वेगाने सायकल चालवली तर ९ किलोमीटरवरच्या शाळेत पोहोचायला किती मिनिटे लागतील? तिसऱ्या प्रश्नावर जो मुलगा किंवा जी मुलगी अडते, तिला सूत्राकडे न नेता तासाचे तुकडे करायला लावावेत : तासाला १२ किलोमीटर म्हणजे पाच मिनिटांना एक किलोमीटर, म्हणून नऊ किलोमीटरला पंचेचाळीस मिनिटे. असे दहा-बारा प्रश्न सहज सुटू लागले की सूत्र ही पाठ करण्याची वस्तू राहत नाही.

तालुक्याला जाताना एसटीच्या खिडकीजवळ बसून करण्यासारखा एक प्रयोग आहे आणि तो जरूर करावा. रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दोन लागोपाठच्या दगडांमधले अंतर कापायला बसला किती सेकंद लागतात, हे मोबाईलवरच्या स्टॉपवॉचने मोजायचे. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४० किलोमीटर, ७२ लागले तर ५०, ६० लागले तर ६०. कारण एका तासात ३६०० सेकंद असतात आणि ३६०० ला मोजलेल्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. हा नियम आपण सांगू नये. दोन-चार मोजमापांनंतर तो मुलालाच काढू द्यावा. सेकंद कमी झाले की वेग वाढतो, हे व्यस्त नाते त्याला इथे हाताशी लागते आणि पुढे वर्गसमीकरणाच्या उदाहरणांत त्याचाच उपयोग होतो.

एककांची चूक सर्वांत जास्त गुण घालवते. २ तास ३० मिनिटे म्हणजे २.३० तास असे अनेक मुले लिहितात, आणि कॅल्क्युलेटरची सवय असलेली मुले तर हमखास लिहितात. मिनिटांना ६० ने भागायचे आणि शक्यतो अपूर्णांकच ठेवायचा : १५ मिनिटे म्हणजे १/४ तास, २० मिनिटे म्हणजे १/३ तास, ५० मिनिटे म्हणजे ५/६ तास. एक-तृतीयांशाचे ०.३३ केले की शेवटचे उत्तर थोडक्यात चुकते आणि मुलाला आपली चूक कुठे झाली ते सापडत नाही.

ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांची अदलाबदल शिकवायला शंकरपटासारखे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसारखे, उदाहरण विदर्भात दुसरे नाही, कारण तिथे जोडीचा निकाल सेकंदांवर लागतो हे गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. समजा, एका जोडीने १०० मीटर अंतर ८ सेकंदांत कापले. वेग सेकंदाला १२.५ मीटर झाला. एका तासात ३६०० सेकंद, म्हणून तासाला ४५,००० मीटर, म्हणजेच ४५ किलोमीटर. ३६०० ने गुणून १००० ने भागणे म्हणजे १८/५ ने गुणणे, आणि उलट जाताना ५/१८ ने गुणणे. हे दोन अपूर्णांक नुसते पाठ केलेली मुले परीक्षेत नेमके उलटे वापरतात. म्हणून एक तपासणी शिकवून ठेवावी की ताशी किलोमीटरमधला आकडा हा सेकंदाला मीटरमधल्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

दुसरी पायरी : गोष्ट सांगणे आणि रेघ ओढणे

आता एक उदाहरण घेऊ. एक मुलगी सायकलने ताशी १२ किमी वेगाने शाळेकडे निघते. ती डबा विसरल्याचे लक्षात आल्यावर, ती निघाल्यानंतर १५ मिनिटांनी तिचे बाबा त्याच रस्त्याने मोटारसायकलवर ताशी ३६ किमी वेगाने निघतात. ते तिला किती वेळात आणि घरापासून किती अंतरावर गाठतील?

उदाहरण दोनदा मोठ्याने वाचायला लावावे, मग पुस्तक मिटून ते आकड्यांशिवाय सांगायला लावावे. सांगताना मूल ज्या बोलीत बोलते त्याच बोलीत सांगू द्यावे. पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी असते. घरात वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोली असणाऱ्या मुलांना ‘संथ पाण्यातील वेग’, ‘परस्परांच्या विरुद्ध दिशेने’, ‘एकसमान वेगाने’ असे शब्द वाचता येतात, पण त्यांतून चित्र उभे राहतेच असे नाही. ‘पोरगी आंधी निघाली, बाबा मांगून फटफटीवर निघाले, अन् रस्त्यात तिले गाठलं’ असे एखाद्या मुलाने सांगितले तर गणिताचा निम्मा भाग त्याने सोडवलेला आहे. त्या वेळी त्याची भाषा सुधारायला जाऊ नये, कारण भाषा सुधारली की मूल सांगणे थांबवते.

यानंतर कागदावर एक आडवी रेघ. डाव्या टोकाला घर, रेघेवर कुठेतरी एक खूण, जिथे बाबांनी मुलीला गाठले. दोघांचे बाण घरापासून त्या खुणेपर्यंत, एक रेघेच्या वर आणि एक खाली. बाण काढून झाले की शांतपणे विचारावे : मुलगी कुठपासून कुठपर्यंत गेली? बाबा कुठपासून कुठपर्यंत गेले? दोन्ही बाण सारखेच आहेत हे मुलाला दिसते. दोघांनी कापलेले अंतर समान आहे, ही बरोबरी सापडली.

या टप्प्यावर मदत करणाऱ्याची खरी कसोटी असते. मूल गप्प बसले की आपल्याला राहवत नाही आणि आपण पेन हातात घेऊन तक्ता काढू लागतो. पेन मुलाच्याच हातात राहिले पाहिजे. दोन-तीन मिनिटांची शांतता चालू द्यावी. फारच अडले तर उत्तराकडे नेणारी सूचना न देता पुन्हा रेघेकडे बोट दाखवावे.

तिसरी पायरी : तक्ता

प्रत्येक प्रवासाला एक ओळ आणि वेग, वेळ, अंतर असे तीन रकाने. दिलेले आकडे आधी भरायचे, मग एका रिकाम्या जागी क्ष लिहायचा, आणि प्रत्येक ओळीतला उरलेला रकाना सूत्राने भरायचा. वरच्या उदाहरणात बाबांना लागलेला वेळ क्ष तास मानला तर तक्ता असा होतो.

बाबा : वेग ३६, वेळ क्ष, अंतर ३६क्ष
मुलगी : वेग १२, वेळ क्ष + १/४, अंतर १२(क्ष + १/४)

मुलीच्या वेळेत १/४ मिळवायचा की वजा करायचा, इथे बरीच मुले गोंधळतात. ‘बाबा उशिरा निघाले’ हे वाक्य त्यांना वजाबाकीचे वाटते. अशा वेळी नियम न सांगता विचारावे की गाठ पडेपर्यंत रस्त्यावर जास्त वेळ कोण होते. आधी निघालेल्या मुलीचा वेळ जास्त, म्हणून तिच्याकडे मिळवायचे.

आता आधी सापडलेली बरोबरी लिहायची : ३६क्ष = १२(क्ष + १/४). म्हणून ३६क्ष = १२क्ष + ३, २४क्ष = ३, क्ष = १/८ तास, म्हणजे साडेसात मिनिटे. अंतर ३६ × १/८ = ४.५ किलोमीटर. ताळा मुलीच्या बाजूने करावा, कारण उत्तर बाबांच्या बाजूने काढले आहे : ती १५ आणि साडेसात मिळून साडेबावीस मिनिटे चालवत होती, पाच मिनिटांना एक किलोमीटर या हिशेबाने साडेचार किलोमीटर. जुळले.

एखादे मूल बीजगणित न वापरताच उत्तर काढते. १५ मिनिटांत मुलगी ३ किलोमीटर पुढे गेली, दर तासाला ही तफावत २४ किलोमीटरने कमी होते, म्हणून ३ भागिले २४. ही रीत पूर्ण बरोबर आहे, तिचे कौतुक करावे, आणि मग त्याच उदाहरणाचे समीकरणही मांडायला सांगावे. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आले की समीकरणावरचा विश्वास वाढतो. ‘परीक्षेत असं चालत नाही’ म्हणून ही रीत खोडून टाकणे मला अन्यायाचे वाटते. प्रश्नपत्रिकेत समीकरण मांडायला सांगितले असेल तर ते मांडावेच लागेल, पण समज याच रीतीने आलेली असते.

क्ष कशाला मानावा, हा प्रश्न नेहमी येतो. वर अंतर क्ष मानले असते तर मुलीचा वेळ क्ष/१२ आणि बाबांचा क्ष/३६ झाला असता, आणि बरोबरी वेळेवर गेली असती : क्ष/१२ − क्ष/३६ = १/४. यातूनही क्ष = ४.५ येतो. विचारलेली राशी क्ष मानणे हा साधारण नियम ठीक आहे, तथापि जिथे छेदात क्ष येत नाही ती निवड सोपी पडते. दोन्ही वाटा एकदा चालून पाहिलेले मूल पुढे स्वतः निवड करते.

उत्तर आल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : शाळा घरापासून ४ किलोमीटरवरच असती तर काय झाले असते? मुलगी २० मिनिटांत शाळेत पोहोचली असती आणि बाबांनी तिला रस्त्यात गाठलेच नसते; डबा शाळेच्या फाटकावरच द्यावा लागला असता. समीकरणाला शाळेचे अंतर माहीत नसते, ते सोडवणाऱ्याला माहीत असावे लागते.

समोरासमोर येणारी वाहने

या प्रकारात दोघांची अंतरे समान नसतात, त्यांची बेरीज एकूण अंतराइतकी असते, आणि रेघ काढली की हे लगेच दिसते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याच अंतरावर उदाहरण बेतावे. नागपूरहून एक कार ताशी १०० किमी वेगाने आणि शिर्डीहून एक ट्रक ताशी ६० किमी वेगाने एकाच वेळी निघाले, तर ते एकमेकांसमोर केव्हा येतील? दोघांचा वेळ क्ष. १००क्ष + ६०क्ष = ५२०, क्ष = ३.२५ तास, म्हणजे ३ तास १५ मिनिटे. कार नागपूरपासून ३२५ किलोमीटरवर असेल, ट्रक शिर्डीपासून १९५ किलोमीटरवर, आणि ३२५ व १९५ मिळून ५२०. याच उदाहरणात ट्रक एक तास आधी निघाला असे म्हटले तर काय बदलते, हे मुलालाच विचारावे. ट्रकचा वेळ क्ष + १ होतो आणि कारचा वेळ २ तास ५२ मिनिटे ३० सेकंद येतो.

सरासरी वेगाचा सापळा

गावाहून २४ किलोमीटरवरच्या तालुक्याला जाताना वेग ताशी ४० किमी आणि येताना ताशी ६० किमी होता, तर संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? जवळजवळ प्रत्येक मूल ५० म्हणते. तसे म्हणू द्यावे, मग वेळ काढायला लावावी. जाताना ३६ मिनिटे, येताना २४ मिनिटे, एकूण ४८ किलोमीटरला बरोबर एक तास, म्हणून सरासरी वेग ताशी ४८ किमी. कमी वेगाने जाताना जास्त वेळ गेला, त्यामुळे सरासरी कमी वेगाकडे झुकली. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, याशिवाय सरासरी वेगाचा दुसरा अर्थ नाही, आणि हे एकदा मनाशी ठरले की पुन्हा सहसा चूक होत नाही.

दोन चले : डोंगा आणि प्रवाह

दहावीच्या पहिल्याच प्रकरणात, दोन चलांतील रेषीय समीकरणांत, नावेची उदाहरणे येतात. वैनगंगेच्या काठच्या मुलांनी डोंगा प्रवाहाच्या विरुद्ध वल्हवताना किती जोर लागतो ते पाहिलेले असते. बुलढाणा-वाशीमकडच्या ज्या मुलांनी ते पाहिलेले नसते, त्यांना शेताजवळच्या कालव्यावर किंवा पावसाळ्यात वाहत्या नाल्याच्या काठावरून वाळलेले पान पाण्यात टाकून दाखवावे. पानाला स्वतःचा वेग नाही, तरी ते पुढे जाते. तो प्रवाहाचा वेग. डोंग्याचा स्वतःचा वेग क्ष आणि प्रवाहाचा य मानला, तर प्रवाहाच्या दिशेने डोंगा क्ष + य वेगाने जातो आणि विरुद्ध दिशेने क्ष − य वेगाने. क्ष हा य पेक्षा मोठा असलाच पाहिजे, नाहीतर डोंगा वर सरकणारच नाही, हेही मुलाकडून वदवून घ्यावे.

उदाहरण : एका डोंग्याला प्रवाहाच्या विरुद्ध १२ किमी आणि प्रवाहाच्या दिशेने ३० किमी जाण्यास एकूण ५ तास लागतात, विरुद्ध १८ किमी आणि दिशेने २० किमी जाण्यासही ५ तासच लागतात. डोंग्याचा संथ पाण्यातील वेग आणि प्रवाहाचा वेग काढा.

इथे बरोबरी अंतरात नाही, वेळेत आहे. तक्त्यात चार ओळी होतात आणि प्रत्येक ओळीतला वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. त्यामुळे १२/(क्ष − य) + ३०/(क्ष + य) = ५ आणि १८/(क्ष − य) + २०/(क्ष + य) = ५. ही समीकरणे पाहून मुले घाबरतात, कारण चले छेदात आहेत. १/(क्ष − य) च्या जागी म आणि १/(क्ष + य) च्या जागी न लिहिले की तीच साधी होतात : १२म + ३०न = ५ आणि १८म + २०न = ५. पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणून वजा केले तर ५०न = ५, न = १/१०, आणि त्यावरून म = १/६. म्हणून क्ष − य = ६, क्ष + य = १०. बेरीज करून क्ष = ८, आणि य = २. डोंग्याचा वेग ताशी ८ किमी, प्रवाहाचा ताशी २ किमी.

म आणि न काढल्यावर काम संपले असे समजून पेन ठेवणारी मुले बरीच असतात. त्यांना उदाहरणाची शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावणे एवढाच उपाय आहे. ताळा तोंडी होतो : १२ किमी ताशी ६ ने दोन तास, ३० किमी ताशी १० ने तीन तास, एकूण पाच, १८ किमी तीन तास, २० किमी दोन तास, पुन्हा पाच.

वर्गसमीकरण : उशीर झालेली गाडी

एका पॅसेंजर गाडीला १८० किलोमीटरच्या प्रवासात पावसामुळे नेहमीपेक्षा ताशी १५ किमी कमी वेग ठेवावा लागला आणि ती एक तास उशिरा पोहोचली. तिचा नेहमीचा वेग किती?

या प्रकाराला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि तो देताना समीकरणाकडे जाण्याआधी अंदाजाची संख्या घ्यावी. ही रीत मला सगळ्यांत मोलाची वाटते. मुलाला म्हणावे, नेहमीचा वेग कोणताही धर. त्याने ९० धरला, तर नेहमीचा वेळ १८०/९० म्हणजे २ तास, पावसातला वेळ १८०/७५ म्हणजे २.४ तास, उशीर ०.४ तास. हवा आहे एक तास, म्हणजे ९० हा अंदाज मोठा झाला. त्याने ४५ धरला, तर ४ तास आणि ६ तास, उशीर २ तास. हा अंदाज लहान झाला. खरे उत्तर ४५ आणि ९० यांच्या मध्ये आहे. आता त्याला त्याचीच आकडेमोड पुन्हा लिहायला सांगावी, फक्त ९० च्या जागी क्ष लिहून : पावसातला वेळ १८०/(क्ष − १५), नेहमीचा वेळ १८०/क्ष, आणि उशीर एक तास.

१८०/(क्ष − १५) − १८०/क्ष = १

समीकरण मुलाने स्वतःच लिहिले, आपण ते दिले नाही. कोणत्या वेळेतून कोणती वेळ वजा करायची हा नेहमीचा गोंधळही उरत नाही, कारण आकड्यांनी करताना त्याने मोठ्या वेळेतून लहान वेळ आपोआप वजा केलेली असते. छेद काढून टाकल्यावर १८० × १५ = क्ष(क्ष − १५), म्हणून क्ष² − १५क्ष − २७०० = ०. ज्यांचा गुणाकार २७०० आणि फरक १५ अशा दोन संख्या ६० आणि ४५; (क्ष − ६०)(क्ष + ४५) = ०. क्ष = ६० किंवा क्ष = −४५. वेग ऋण नसतो, म्हणून नेहमीचा वेग ताशी ६० किमी. ऋण मूळ का सोडले, हे एका वाक्यात लिहायला लावावे. नुसती काट मारून पुढे जाऊ देऊ नये. उत्तर ४५ आणि ९० यांच्या मध्ये पडते, म्हणजे आधीच्या अंदाजाशी जुळते, आणि ताळाही सरळ आहे : ताशी ६० ने ३ तास, ताशी ४५ ने ४ तास.

मोठ्या संख्येचे अवयव पाडताना जी मुले अडतात त्यांची अडचण वेगळी आहे. त्यांना मूळ अवयवांकडे न्यावे, २७०० = २ × २ × ३ × ३ × ३ × ५ × ५, आणि त्यांतून गट पाडायला शिकवावे. हा सराव शाब्दिक उदाहरणांच्या वेळी न करता दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे करावा.

आगगाडी, खांब आणि पूल

गाडी खांब ओलांडते तेव्हा ती स्वतःच्या लांबीइतके अंतर जाते. पूल किंवा फलाट ओलांडते तेव्हा स्वतःची लांबी अधिक पुलाची लांबी. हे समजावायला काडेपेटी सरकवून दाखवली तरी पुरते : पेटीचे पुढचे टोक रेघेवर आल्यापासून मागचे टोक रेघेबाहेर जाईपर्यंत. १५० मीटर लांबीची गाडी खांब ९ सेकंदांत ओलांडत असेल तर वेग १५०/९ × १८/५ = ताशी ६० किमी; तीच गाडी २५० मीटरचा फलाट ४०० मीटर जाऊन २४ सेकंदांत ओलांडेल.

वहीत कसे लिहावे आणि किती करावे

दहावीची बीजगणिताची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते, त्यामुळे शाब्दिक उदाहरणात पायऱ्या गाळणे परवडत नाही. ‘समजा, गाडीचा नेहमीचा वेग ताशी क्ष किमी आहे’ हे पूर्ण वाक्य एककासह सुरुवातीला असावे. ‘दिलेल्या अटीनुसार’ असे लिहून समीकरण, मग सोडवणूक, आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात. रेघ आणि तक्ता कच्च्या कामात राहिले तरी चालतील.

एका बैठकीत दोन, फार तर तीन उदाहरणे पुरेत. पाठोपाठ एकाच प्रकारची दहा करवून घेतली तर मूल वाचणे सोडून साचा भरू लागते आणि प्रकार बदलला की पुन्हा अडते. म्हणून गाठण्याचे एक, समोरासमोरचे एक, डोंग्याचे एक असे मिसळून द्यावे. शाळेतून पाच वाजता एसटीने घरी येऊन शेतातल्या कामाला हात लावणाऱ्या मुलाकडून रात्री नऊनंतर वर्गसमीकरणाची अपेक्षा करू नये. त्याच्यासाठी सकाळची अर्धी घटका बरी.

दोन-तीन आठवड्यांनी मुलाला स्वतःचे उदाहरण तयार करायला सांगावे. ते उलट्या बाजूने करायचे असते : आधी उत्तर ठरवायचे, मग अटी लिहायच्या. बाजारातून परत येणारी बैलबंडी ताशी ४ किमी वेगाने आणि तिच्या मागून एक तासाने निघालेली सायकल ताशी १२ किमी वेगाने, असे ठरवले तर सायकल अर्ध्या तासात बंडीला ६ किलोमीटरवर गाठते. आता यातला एखादा आकडा लपवायचा, उदाहरणार्थ सायकलचा वेग, आणि ‘सायकलस्वाराने बंडीला बाजारापासून ६ किलोमीटरवर गाठले, तर त्याचा वेग किती?’ असे विचारायचे. कोणता आकडा लपवला तर उदाहरण सुटते आणि कोणते दोन लपवले तर सुटत नाही, हे मुलाने दोन-चार उदाहरणांवर करून पाहावे आणि तयार झालेली उदाहरणे वर्गातल्या मैत्रिणीला किंवा मित्राला सोडवायला द्यावीत.